बर्डीतून बुटीबोरीचा स्विच सांभाळायचा असेल तर: दुरून लॉगिनची पक्की सोय

नागपुरात सीताबर्डीच्या, म्हणजे बर्डीच्या, ऑफिसात बसून बुटीबोरीच्या कारखान्यातल्या स्विचचा (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीचा) एखादा पोर्ट बंद करायचा असेल, तर दोन रस्ते आहेत. एक वर्धा रोडने तीसेक किलोमीटर जाऊन रॅकसमोर उभं राहण्याचा, दुसरा एसएसएचचा, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याचा. दुसरा रस्ता बांधायला तासभर पुरतो. मात्र तो तास रॅकजवळच घालवावा लागतो आणि तिथून उठण्याआधी एक परीक्षा घ्यावीच लागते: दुसऱ्या नेटवर्कवरून लॉगिन होतंय का? रॅकजवळच्या लॅपटॉपवरून सगळं सुरळीत चालतं आणि बर्डीत परतल्यावर स्विच उत्तरच देत नाही, हा प्रकार फार ठिकाणी होतो. त्याचं कारण बहुतेक वेळा एसएसएचमध्ये नसतं. ते परतीच्या वाटेत असतं, म्हणून खाली त्या भागावर जास्त वेळ दिला आहे.

उदाहरणं सिस्कोच्या कॅटलिस्ट २९६० मालिकेवर बेतली आहेत. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. नेटवर्कची मांडणी अशी धरू: बुटीबोरीत व्यवस्थापनासाठी वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं आभासी नेटवर्क) ९९, त्याचं नेटवर्क १०.२०.९९.०, मास्क २५५.२५५.२५५.०. स्विचचा पत्ता १०.२०.९९.११, फायरवॉलचा म्हणजे गेटवेचा (नेटवर्कबाहेर जायच्या दाराचा) पत्ता १०.२०.९९.१. बर्डीच्या ऑफिसचं नेटवर्क १०.१०.५०.०, आणि दोन्ही जागा फायरवॉलमधल्या व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या सुरक्षित बोगद्याने, जोडलेल्या.

सोबत काय न्यायचं

लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी फिकट निळी, चपटी कन्सोल केबल लागते. तिचं एक टोक आरजे-४५ आणि दुसरं नऊ पिनांचं असतं. आजच्या लॅपटॉपला नऊ पिनांचा पोर्ट नसतो, तेव्हा यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर हवा. एफटीडीआय चिपचा घेतलेला बरा. प्रोलिफिकच्या नावाने खपणाऱ्या नकली चिप्सना विंडोजचा नवा ड्रायव्हर नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येतं आणि ते कोडं सोडवण्यात अर्धा दिवस जातो. २९६०-एक्ससारख्या मॉडेलांना मिनी यूएसबी कन्सोल पोर्टही असतो. दोन्ही केबली जोडल्या असतील तर स्विच यूएसबीकडून येणारं टायपिंग घेतो, आरजे-४५ कडून फक्त मजकूर दिसत राहतो. याशिवाय दोन साध्या पॅच केबली, आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली.

पुटी हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडून सीरियल निवडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसलेला कॉम पोर्टचा क्रमांक टाका, वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल नाही. पडदा कोरा दिसला तर दोनतीनदा एंटर दाबा. अक्षरांऐवजी कचरा दिसला तर वेग चुकलाय. मजकूर दिसतो पण टाइप केलेलं उमटत नाही, असं झालं तर फ्लो कंट्रोल हार्डवेअरवर राहिलाय. लिनक्सवर परवानगीची अडचण आली तर आपला यूजर डायलआउट गटात घाला.

वापरलेला स्विच असेल तर आधी पाटी कोरी करा

बाजारातून आणलेला किंवा दुसऱ्या शाखेतून आलेला स्विच तसाच चालू नेटवर्कला जोडू नका. व्हीलॅनची यादी स्टार्टअप कॉन्फिगमध्ये (जतन केलेल्या मांडणीत) नसते, ती फ्लॅशमधल्या व्हीलॅन डॉट डॅट या वेगळ्या फाइलमध्ये असते. त्यामुळे राइट इरेज दिल्यावरही जुनी व्हीलॅन शिल्लक राहतात. त्याहून वाईट म्हणजे व्हीटीपी, स्विचांमध्ये व्हीलॅनची यादी आपोआप वाटणारी पद्धत. जुन्या स्विचचा डोमेन तोच असेल आणि त्याचा रिव्हिजन क्रमांक मोठा असेल, तर तो आपली यादी सगळ्या कारखान्यावर लादतो आणि चालू व्हीलॅन पुसून टाकतो. म्हणून कोणतीही नेटवर्क केबल न लावता फक्त कन्सोलवरून हे करा:

राइट इरेज
डिलीट फ्लॅश:व्हीलॅन.डॅट
रीलोड

रीलोडच्या वेळी बदल जतन करायचे का असं विचारलं तर नाही म्हणा. स्विच उठल्यावर सुरुवातीचा प्रश्नोत्तरांचा संवाद सुरू करायचा का असं विचारतो, तिथेही नाही. मग कॉन्फिगरेशनमध्ये व्हीटीपी मोड ट्रान्सपरंट करून ठेवा.

पुढे जाण्याआधी शो व्हर्जन देऊन सिस्टिम इमेजच्या, म्हणजे स्विचच्या सॉफ्टवेअरच्या, फाइलचं नाव बघा. त्यात के९ ही अक्षरं हवीत. नसतील तर त्या इमेजमध्ये क्रिप्टोची (कूटबद्ध करण्याची) सोय नाही, एसएसएच चालणार नाही, आणि आधी इमेज बदलावी लागेल.

नाव, चावी, यूजर

एनेबल
कॉन्फिगर टर्मिनल
होस्टनेम बीबी-एसडब्ल्यू१
आयपी डोमेन-नेम प्लांट.लोकल
क्रिप्टो की जनरेट आरएसए

नाव आणि डोमेन आधी का? कारण एसएसएचला लागणाऱ्या चावीचं लेबल या दोघांना जोडून बनतं. होस्टनेम मूळचंच स्विच ठेवलं असेल तर चावी बनवायला नकार मिळतो. शेवटची आज्ञा किती बिटांची चावी हवी ते विचारते आणि चौकोनी कंसात ५१२ दाखवते. इथे सवयीने एंटर दाबला की फसलात. ५१२ बिटांची चावी बनते, पण एसएसएचच्या दुसऱ्या आवृत्तीला किमान ७६८ बिट लागतात. २०४८ टाका. जुन्या स्विचचा प्रोसेसर सावकाश आहे, थोडा वेळ लागू द्या.

आयपी एसएसएच व्हर्जन २
आयपी एसएसएच टाइम-आउट ६०
आयपी एसएसएच ऑथेंटिकेशन-रीट्राइज ३

पहिली ओळ दिली नाही तर शो आयपी एसएसएच मध्ये १.९९ असं दिसतं, म्हणजे स्विच जुनी असुरक्षित पहिली आवृत्तीही स्वीकारतोय.

आता यूजर. प्रत्येक माणसाला स्वतःचं नाव द्या. सगळ्यांसाठी एकच अॅडमिन ठेवलं की रात्री अकरा वाजता व्हीलॅन कोणी बदललं ते कधीच कळत नाही, आणि एक जण नोकरी सोडून गेला की सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागतो.

यूजरनेम सुनील प्रिव्हिलेज १५ सीक्रेट लांब-पासवर्ड
एनेबल सीक्रेट वेगळा-लांब-पासवर्ड

यूजरनेमच्या ओळीत पासवर्ड हा शब्द वापरू नका, सीक्रेट वापरा. पासवर्ड वापरलात तर तो कॉन्फिगमध्ये उघडा राहतो. सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन देऊन तो झाकता येतो, पण त्या ७ क्रमांकाच्या पद्धतीचं कुलूप कोणीही क्षणात उघडतो; ती फक्त खांद्यावरून डोकावणाऱ्यापासून वाचवते. सीक्रेटमध्ये हॅश (पासवर्डचं उलट न फिरवता येणारं रूप) साठवला जातो, तोही ५ क्रमांकाच्या पद्धतीपेक्षा ८ किंवा ९ ची सोय इमेजमध्ये असेल तर ती घ्या. पासवर्डमध्ये प्रश्नचिन्ह टाळा, कारण ते टाइप करताच स्विच मदतीची यादी दाखवू लागतो. नोटपॅडमधून पासवर्ड चिकटवत असाल तर ओळीच्या शेवटी रिकामी जागा राहिली नाही ना, हे बघा. ती जागाही पासवर्डचा भाग धरली जाते आणि मग "अगदी तोच पासवर्ड" पुन्हा पुन्हा नाकारला जातो.

व्हीलॅन आणि पत्ता

व्हीलॅन १ वर व्यवस्थापन ठेवू नका. प्रत्येक नवा पोर्ट मुळात व्हीलॅन १ मध्येच असतो, म्हणजे शॉप फ्लोअरवर कोणीही मोकळ्या जॅकला लॅपटॉप लावला की तो स्विचच्या लॉगिनसमोर येऊन उभा.

व्हीलॅन ९९
नेम एमजीएमटी
एक्झिट
इंटरफेस व्हीलॅन ९९
आयपी अॅड्रेस १०.२०.९९.११ २५५.२५५.२५५.०
नो शटडाउन
एक्झिट
आयपी डिफॉल्ट-गेटवे १०.२०.९९.१

मग शो आयपी इंटरफेस ब्रीफ बघा. व्हीलॅन ९९ समोर दोन रकाने असतात. दोन्हीत अप हवं. पहिल्यात अॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन असेल तर नो शटडाउन राहिलंय. पहिल्यात अप आणि दुसऱ्यात डाउन असेल तर इंटरफेसला जिवंत राहायला आधार नाही: एक तर व्हीलॅन ९९ यादीत बनवलेलंच नाही, किंवा त्या व्हीलॅनमधला एकही पोर्ट चालू नाही. त्या व्हीलॅनचा निदान एक अॅक्सेस पोर्ट, नाहीतर ते व्हीलॅन वाहून नेणारा एक ट्रंक (एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेणारा पोर्ट), केबल लावून चालू असायला हवा आणि स्पॅनिंग ट्रीने (नेटवर्कमधली वर्तुळं टाळणाऱ्या यंत्रणेने) तो फॉरवर्डिंगमध्ये घेतलेला हवा. केबल लावल्यावर तीसेक सेकंद थांबा; लगेच डाउन दिसलं म्हणून सेटिंग बदलत बसू नका.

परीक्षेसाठी शेवटचा पोर्ट राखून ठेवा:

इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/२४
स्विचपोर्ट मोड अॅक्सेस
स्विचपोर्ट अॅक्सेस व्हीलॅन ९९

२९६०-एक्सवर पोर्टचा क्रमांक १/०/२४ असा लिहायचा. काम संपल्यावर हा पोर्ट शटडाउन करा.

फायरवॉलकडे जाणारा वरचा पोर्ट ट्रंक असेल तर त्यात ९९ जोडावं लागतं, आणि इथे एका शब्दाची किंमत फार मोठी आहे:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अॅड ९९

अॅड विसरलात तर आधीची यादी पुसली जाते आणि ट्रंकवर फक्त ९९ उरतं. ऑफिस, कॅमेरे, बायोमेट्रिक हजेरी, मशीनचे कंट्रोलर, सगळे एका एंटरसरशी तुटतात. ज्यांच्याकडे आधी यादीच नव्हती, म्हणजे सगळी व्हीलॅन जात होती, त्यांना ही ओळ लागतच नाही. म्हणून आधी शो इंटरफेसेस ट्रंक बघा, मग हात लावा. ट्रंकच्या दुसऱ्या टोकालाही तेच तपासा, कारण एका बाजूने परवानगी देऊन चालत नाही.

परतीची वाट

बर्डीतल्या लॅपटॉपचं पाकीट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) व्हीपीएनमधून बुटीबोरीच्या फायरवॉलवर येतं, तिथून व्हीलॅन ९९ मधून स्विचपर्यंत पोचतं. स्विच उत्तर तयार करतो. ते पाठवायचं आहे १०.१०.५० च्या नेटवर्ककडे, जे स्विचच्या स्वतःच्या नेटवर्कबाहेर आहे. गेटवे सांगितलेला नसेल तर उत्तर जातच नाही. रॅकजवळचा लॅपटॉप त्याच नेटवर्कमध्ये असल्याने त्याला गेटवेची गरजच पडत नाही, म्हणून तिथे सगळं चालतं. जागेवर सगळं ठीक आणि बाहेरून काहीच नाही, असं दिसलं की पहिला संशय इथे घ्या.

गेटवे टाकला आहे तरी चालत नाही? मग शो रनिंग-कॉन्फिग मध्ये आयपी राउटिंग ही ओळ आहे का ते शोधा. राउटिंग चालू असलेल्या स्विचवर आयपी डिफॉल्ट-गेटवे ही ओळ दिसते, पण स्विच तिच्याकडे दुर्लक्ष करतो. तिथे आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० १०.२०.९९.१ असा मार्ग द्यावा लागतो.

तरीही नाही? मग स्विच सोडा आणि फायरवॉलकडे वळा. दोन शाखांमधलं व्हीपीएन बांधताना ज्या नेटवर्कांची नावं दिली असतील, फक्त तीच त्या बोगद्यातून जातात. बहुतेक वेळा ते काम होतं तेव्हा कॉम्प्युटरांचं नेटवर्क तेवढं घातलेलं असतं आणि नवं १०.२०.९९.० कुठेच नसतं. ते दोन्ही टोकांच्या फायरवॉलमध्ये घालावं लागतं, बर्डीच्याही आणि बुटीबोरीच्याही. शिवाय फायरवॉलवर व्हीलॅन ९९ चा इंटरफेस आणि १०.२०.९९.१ हा पत्ता प्रत्यक्षात आहे ना, तेही बघा. कागदावर लिहिलेला गेटवे फायरवॉलवर बनवायचाच राहिला, हेही घडतं.

तपासणी खालून वर करा. स्विचवरून पिंग १०.२०.९९.१ द्या. पहिलं पाकीट हरवलं तर चिंता नको, पत्ता शोधण्यात ते जातं. पुढची चार यायला हवीत. मग स्विचवरूनच बर्डीतल्या एखाद्या चालू यंत्राला पिंग द्या. विंडोजचं फायरवॉल पिंग अडवतं, म्हणून कॉम्प्युटरऐवजी प्रिंटर किंवा बर्डीच्या फायरवॉलचा आतला पत्ता निवडा. हे दोन्ही जमले की उरतं ते एसएसएचचंच.

दार कोणाला उघडायचं

अॅक्सेस-लिस्ट १० परमिट १०.१०.५०.० ०.०.०.२५५
अॅक्सेस-लिस्ट १० परमिट १०.२०.९९.० ०.०.०.२५५
लाइन व्हीटीवाय ० १५
लॉगिन लोकल
ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच
अॅक्सेस-क्लास १० इन
एक्झेक-टाइमआउट १० ०

व्हीटीवाय लाइन म्हणजे दुरून येणाऱ्या एका सत्राची जागा. लाइनींचे क्रमांक ० ते १५, एकूण सोळा. पुष्कळ ठिकाणी ० ते ४ एवढ्याच बंदिस्त केलेल्या सापडतात आणि ५ ते १५ जुन्या सेटिंगवर उघड्या. पहिल्या पाच भरल्या की सहावा माणूस नेमका त्या उघड्या दाराशी पोचतो. सगळ्या एकत्रच बांधा.

यादीत मास्क उलटा लिहायचा असतो: ०.०.०.२५५. सवयीने २५५.२५५.२५५.० लिहिलं तर शेवटचा आकडा ० असलेले पत्तेच जुळतात, म्हणजे व्यवहारात कोणीच नाही. यादीच्या शेवटी न दिसणारा नकार असतोच, तेव्हा जे लिहिलं नाही ते बंद. बुटीबोरीचं स्वतःचं ९९ नेटवर्क यादीत ठेवा. व्हीपीएन पडलं तर तिथला माणूस ९९ च्या चालू पोर्टला लॅपटॉप लावून आत येऊ शकेल.

एक्झेक-टाइमआउट ० ० करून सत्र कायमचं उघडं ठेवायचा मोह होतो. तसं केलं की लॅपटॉप झोपला तरी ती लाइन अडलेली राहते. अशा सोळा साचल्या की कोणालाच आत जाता येत नाही. दहा मिनिटं पुरेशी आहेत.

कन्सोललाही कुलूप हवं: लाइन कन्सोल ० खाली लॉगिन लोकल. आणि अंदाजाने पासवर्ड मारणाऱ्यांसाठी लॉगिन ब्लॉक-फॉर १२० अटेम्प्ट्स ३ विदिन ६०. मिनिटात तीन चुका झाल्या की दोन मिनिटं दार बंद. ते तुमच्यासाठीही बंद होतं, म्हणून लॉगिन क्वाएट-मोड अॅक्सेस-क्लास १० देऊन आपल्या नेटवर्कला सूट द्या.

टेलनेट या दुरून लॉगिनच्या जुन्या पद्धतीचा आग्रह धरणारे अजूनही भेटतात. टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो. मध्ये कुठेही वायरशार्क हा पाकिटं वाचणारा प्रोग्रॅम लावला तर वाचता येतो. त्यापलीकडचा धोका २०१७ मध्ये दिसला: सिस्कोच्या तीनशेहून अधिक मॉडेलांमध्ये टेलनेटच्या वाटेने पासवर्डशिवाय पूर्ण ताबा घेता येणारी चूक उघड झाली. टेलनेट बंद ठेवणाऱ्यांना तिची झळ लागली नाही. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, स्मार्ट इन्स्टॉल या, नवा स्विच दुरून आपोआप मांडण्याच्या, सोयीचा ४७८६ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटवर उघडा असलेल्या स्विचांची कॉन्फिगरेशन्स अनेक देशांत पुसली गेली. ही सोय पुष्कळ स्विचांवर आपोआप चालू असते. म्हणून ती आणि स्विचचं वेब पान, दोन्ही बंद करा:

नो व्हीस्टॅक
नो आयपी एचटीटीपी सर्व्हर
नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर

वेब पान वापरायचंच असेल तर फक्त सिक्युअर-सर्व्हर ठेवा. आणि स्विचचा २२ क्रमांकाचा पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटला कधीही जोडू नका. घरून काम करायचं असेल तर आधी व्हीपीएन, मग स्विच. ब्रॉडबँड कंपनीने आतला सामायिक पत्ता दिला असेल, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूला १०० ने सुरू होऊन १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान बसणारा, तर बाहेरून बुटीबोरीकडे जोडणी सुरूच होणार नाही. तिथे स्थिर पत्ता मागा, किंवा बुटीबोरीच्या फायरवॉलने स्वतः बर्डीकडे बोगदा सुरू करावा असं बांधा.

उठण्याआधीची परीक्षा

लॅपटॉपचं वायफाय मोबाइल हॉटस्पॉटला जोडा, व्हीपीएन क्लायंटने बर्डीच्या नेटवर्कमध्ये शिरा आणि तिथून १०.२०.९९.११ ला एसएसएच करा. क्लायंटला मिळणारा पत्ता १०.१०.५० मधला नसेल तर तोही अॅक्सेस-लिस्टमध्ये आणि बोगद्यात घालावा लागेल. ही सोय नसेल तर बर्डीतल्या सहकाऱ्याला फोन करून त्याच्याकडून लॉगिन करवा. कन्सोल उघडाच ठेवा. काही चुकलं तर तिथूनच दुरुस्त होईल.

नकार कसा येतो त्यावरून कारण कळतं. बराच वेळ काहीच न होता टाइम आउट आलं तर पाकीट पोचत नाही किंवा परतत नाही: व्हीलॅन, गेटवे, व्हीपीएन बघा. लगेच कनेक्शन रिफ्यूज्ड आलं तर वाट ठीक आहे. अॅक्सेस-लिस्ट अडवतेय किंवा एसएसएच चालू नाही. शो आयपी एसएसएच मध्ये एनेबल्ड आणि २.० दिसायला हवं. यूजरनेम विचारलं जातं पण पासवर्ड चालत नाही, तर लॉगिन लोकल आहे का आणि यूजरची ओळ बरोबर आहे का ते बघा.

नव्या लिनक्स किंवा विंडोजवरून जुन्या स्विचला जोडताना नो मॅचिंग की एक्सचेंज मेथड फाउंड किंवा नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड असा संदेश येतो. बिघाड काही नसतो. ओपनएसएसएचने जुन्या पद्धती मूळ यादीतून काढल्या आहेत. २०२१ च्या ८.८ आवृत्तीपासून एसएचए-१ वरची आरएसए सहीही बंद आहे. आधी स्विचची इमेज त्या मॉडेलसाठीच्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत न्या. तरी जमलं नाही तर आपल्या एसएसएच कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या एका पत्त्यापुरतं केक्सअल्गोरिदम्स मध्ये अधिकचं चिन्ह लावून डिफी-हेलमन-ग्रुप१४-एसएचए१ आणि होस्टकीअल्गोरिदम्स मध्ये तसंच एसएसएच-आरएसए घाला. सगळ्यांसाठी म्हणजे तारांकन लावून हे कधीही करू नका, नाहीतर लॅपटॉपवरची प्रत्येक जोडणी कमकुवत होते.

सगळं जमलं की जतन करा: कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग. पहिल्या पावसात लाईट गेली आणि यूपीएस दमला, की जतन न केलेलं सगळं जातं.

नंतर दुरून बदल करताना

स्विचचा पत्ता, गेटवे, ट्रंक किंवा अॅक्सेस-लिस्ट दुरून बदलायची असेल तर आधी चालू कॉन्फिग जतन करा, मग रीलोड इन १० द्या. बदल करा. हात तुटला, म्हणजे जोडणी गेली, तर दहा मिनिटांनी स्विच स्वतः रीस्टार्ट होऊन जुन्या जतन केलेल्या कॉन्फिगवर परत येतो. बदल नीट झाला तर रीलोड कॅन्सल द्या आणि मगच जतन करा. क्रम उलटा झाला, आधी जतन आणि मग तपासणी, तर रीस्टार्टनंतरही चूक तशीच राहते आणि गाडी काढावी लागते. स्विच उठायला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ त्यावरचं सगळं बंद असतं, म्हणून हे शिफ्ट बदलताना किंवा जेवणाच्या सुट्टीत करा.

एसएसएचवरून बसलेल्याला स्विचचे संदेश आपोआप दिसत नाहीत. टर्मिनल मॉनिटर दिलं की दिसू लागतात.

घड्याळ लावून ठेवा: क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०, आणि एनटीपी (नेटवर्कवरून वेळ देणारा) सर्व्हर म्हणून फायरवॉल किंवा एनआयसीचा, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय माहितीशास्त्र केंद्राचा, समय१.एनआयसी.इन. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत आणि लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस जपायचे आहेत. स्विचच्या स्वतःच्या स्मृतीत लॉग रीस्टार्टपर्यंतच टिकतो. लॉगिंग होस्ट देऊन तो एखाद्या सिसलॉग सर्व्हरकडे पाठवा, तेव्हाच कोण कधी आलं ते सहा महिन्यांनी सांगता येईल.

दुरून लॉगिन असल्याचा नागपुरात एक खास उपयोग आहे. या मालिकेचे स्विच ४५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनलेले आहेत. मे महिन्यात बाहेरचा पाराच ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडखाली, बंद रॅकमध्ये त्याहून कितीतरी जास्त. शो एन्व्ह ऑल देऊन तापमान आणि पंख्याची स्थिती दुपारी तीनच्या सुमारास बघत जा. पंखा बंद पडल्याचं तिथे आधी दिसतं, स्विच अचानक रीस्टार्ट होऊ लागतो ते नंतर.

टीपी-लिंक, डी-लिंक, नेटगिअर असेल तर

तत्त्व तेच, पण काम ब्राउझरमधून. टीपी-लिंकच्या व्यवस्थापनयोग्य स्विचचा मूळ पत्ता सहसा १९२.१६८.०.१, डी-लिंकच्या स्मार्ट स्विचचा १०.९०.९०.९०, नेटगिअरचा १९२.१६८.०.२३९. लॅपटॉपला तात्पुरता त्याच नेटवर्कमधला पत्ता द्या, शिरा आणि पहिला बदल पासवर्डचा करा. व्यवस्थापन व्हीलॅन १ वरून ९९ वर नेताना आधी आपला लॅपटॉप असलेला पोर्ट ९९ मध्ये जाईल अशी तयारी ठेवा. नाहीतर अप्लाय दाबताच पान तुटतं आणि रीसेटची सुई शोधावी लागते. पुष्कळ मॉडेलांत अप्लाय आणि सेव्ह ही वेगळी बटणं असतात. अप्लायने बदल लागू होतो, सेव्हने तो लाईट गेल्यावरही टिकतो. गेटवेचा रकाना इथेही रिकामा राहतो, आणि परिणाम तोच.

कागद आणि पासवर्ड विसरला तर

टर्मिनल लेंथ ० देऊन शो रनिंग-कॉन्फिग पूर्ण उतरवून घ्या आणि ती फाइल कुलूपबंद जागी ठेवा. तिच्यात हॅश आहेत. स्विचवर नाव, पत्ता आणि व्हीलॅनचं लेबल चिकटवा. पासवर्ड त्यावर लिहू नका.

पासवर्ड सगळेच विसरले तर जावंच लागतं. कन्सोल जोडा, लाईट काढा, समोरचं मोड बटण दाबून धरत लाईट द्या, आणि पडद्यावर "स्विच:" असा कॉलनसह शब्द दिसेपर्यंत धरून ठेवा. मग:

फ्लॅश_इनिट
रीनेम फ्लॅश:कॉन्फिग.टेक्स्ट फ्लॅश:कॉन्फिग.ओल्ड
बूट

स्विच कोऱ्या कॉन्फिगने उठतो. संवादाला नाही म्हणा, एनेबल करा, फाइलचं नाव परत मूळचं करा, कॉपी फ्लॅश:कॉन्फिग.टेक्स्ट सिस्टिम:रनिंग-कॉन्फिग देऊन जुनी मांडणी वर आणा, यूजर आणि एनेबल सीक्रेट नवे टाका. असं कॉन्फिग वर आणल्यावर व्हीलॅन ९९ चा इंटरफेस शटडाउन स्थितीत राहतो, तेव्हा त्यावर नो शटडाउन द्या. मग जतन करा, आणि हॉटस्पॉटवरून पुन्हा एकदा लॉगिन करून बघा.